सावलीत वाळवायचं उपरणं

आमच्या घरात एक उपरणं होतं, ते उन्हात वाळत घालायची बंदी होती. सोलापूरच्या उन्हात मिरच्या वाळतात, शेवया वाळतात, माणसंही वाळतात. पण एवढं एक कापड माजघरातल्या दोरीवर, अंधारात, दोन-दोन दिवस ओलं लोंबत असायचं. माझ्या धाकट्या जावा एकेक करून घरात आल्या तेव्हा प्रत्येकीनं मला विचारलं, "हे काय हो, जाऊबाई?" मामंजी, म्हणजे माझे सासरे, जवळपास असले की मी "मागनं सांगते" म्हणायची. मग मागनं सांगायची. दर वेळी सांगताना थोडं वाढायचं, हे कबूल करते. इथं मात्र आहे तेवढंच लिहिते.

आमचं घर भवानी पेठेत. पुढच्या खोलीत हातमाग, मागं माजघर आणि चूल, वर माळवद. तीस साली मार्शल लॉ लागून गावात लष्कर उतरलं, त्याच्या एक-दोन वर्षं आधी मी लग्न होऊन तिथं आले. माहेर अक्कलकोटाकडचं, त्यामुळे बोलताना मध्येच कानडी यायचं आणि शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांचं तेलुगू, माझं कानडी आणि मधे सासूबाईंचं सोलापुरी मराठी. तरी भांडण मात्र कधी अडलं नाही.

मामंजी आमच्या गल्लीचे पंच होते. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. पण अमावास्येला माग बंद असत, आणि त्या दिवशी सकाळी लोक आपापली गाऱ्हाणी घेऊन आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसत. कुणाच्या भिंतीचं पाणी कुणाच्या दारात जातं, कुणाच्या पोरानं कुणाच्या मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, तोडला, असली प्रकरणं. मामंजी ट्रंकेतून खळ दिलेलं पांढरंशुभ्र उपरणं काढून डाव्या खांद्यावर टाकत आणि बाहेर जाऊन बसत. उपरणं खांद्यावर आलं की त्यांचा आवाजसुद्धा बदलायचा. एरवी घरात 'माझा चष्मा कुटं गेला' म्हणून चष्मा कपाळावर ठेवून ओरडणारा माणूस एकदम कोर्टातला साहेब व्हायचा. आम्ही बायका दाराआड उभ्या राहून ऐकायचो. आम्हांला कुणी काही विचारत नसे, आणि विचारावं असं आम्हांलाही वाटत नसे.

गल्लीच्या टोकाला चाचांची रंगाची भट्टी होती. सगळ्या गल्लीचं सूत रंगवायला त्यांच्याकडे जायचं. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल. धुऊन धुऊन जाईल असा तो रंग नव्हताच. चाचा आणि मामंजी एका वयाचे, एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. रोज संध्याकाळी चाचा आमच्या ओट्यावर येत आणि दोघं चहा पीत. चाचांची कपबशी वेगळी असे, बाहेरच्या कोनाड्यात पालथी घातलेली. चहा झाला की चाचा स्वतः ती विसळून पुन्हा पालथी घालत. तशीच रीत होती. इतकी वर्षांची दोस्ती आणि कपबशी कोनाड्यात, यात काही चुकतंय असं घरात कुणालाच वाटत नसे. चाचांना काय वाटत असेल, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. तीन मुलगे त्यांना, मुलगी नाही. तोंडानं तिखट, पण हात मऊ. त्यांची एक पद्धत होती. लग्नासाठी विणलेलं लुगडं आमच्या घरातून जाताना पदराच्या आतल्या कोपऱ्याला त्या ओल्या हळदीचं बोट लावत. कोऱ्या कापडाला हळदीचं बोट घरोघरी लावतात. पण दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या कापडाला विणणाराच्या बायकोनं ते लावणं, ही आत्यांचीच हौस. मामंजी म्हणायचे, "गिऱ्हाईक बगंल तर काय म्हनंल?" त्यावर आत्या म्हणायच्या, "म्हनंल, लुगड्याच्या मागं कुनीतरी बाई बी हाय."

त्या वर्षी वळसंगचा एक शेतकरी मुलीच्या लग्नाचं लुगडं सांगून गेला. मोतिया रंगाचं अंग आणि लालभडक काठ. काठाचं सूत अर्थातच चाचांनी रंगवलं. लुगडं न्यायला तो आला तेव्हा मुलगीही बरोबर होती. माझ्याच वयाची असेल. आत्यांनी दोघांना जेवायला बसवलं. पोरगी भाकरी मोडत होती आणि नजर सगळी लुगड्याकडे.

"आई न्हाई आली व्हय गं?" आत्यांनी विचारलं.

"आई न्हाय मला," ती म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा ताटात ठेवून दिला.

 जेवणं झाल्यावर लुगड्याची घडी घालायला मला आत बोलावलं. वाटीत हळद कालवली. मला वाटलं, नेहमीसारखं बोट लावतील. त्यांनी सगळा तळवा हळदीत बुडवला.

"आत्या, बोट लावत्यात न्हवं?"

"तिच्या पाठीवर हात ठिवाया कोन हाय?" असं म्हणून त्यांनी पदराच्या आतल्या बाजूला, पाठीवर येईल अशा बेतानं, पंजा उमटवला. वाळेपर्यंत फुंकर घातली आणि वरून घडी घातली. बापलेकींना कळलंही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण माझी आई होती आणि लांब होती.

त्या पंजानं पुढं जे केलं ते असं.

अमावास्येला वळसंगचा तो शेतकरी लुगड्याचं बोचकं घेऊन पुढच्या खोलीत उभा राहिला. आम्ही दाराआड.  "बगा पंच. पोरीनं खळ काडाया लुगडं धुतलं, आन् काठाचा रंग पदरात उतरला. लाल डाग हाय ह्यो एवडा. सोयऱ्याच्या बाया म्हनत्यात, डाग पडल्यालं लुगडं नवरीला नेसवनार? आता मी तोंड कुटं लपवू?"

मामंजींनी चाचांना बोलावणं पाठवलं. चाचा आले, डाग बघितला आणि शांतपणे म्हणाले, "ये मेरा रंग नै. मेरा रंग आजतक फुट्या नै. काठातला एक धागा काढ, सगळ्यांसमोर उकळत्या पाण्यात टाक. रंग सुटला तर माझी भट्टी बंद."

सोपी गोष्ट होती. चूल आत पेटलेलीच होती. "पाणी ठेवा" असं मामंजींनी म्हटलं असतं तर मीच ठेवलं असतं. पण तेवढ्यात मागं बसलेला कुणीतरी खाकरला आणि दुसरा कुणीतरी हळूच म्हणाला, "दोस्ती हाय की." बस, तेवढंच. दाराच्या फटीतून मला मामंजींचा फक्त खांदा दिसत होता. तो एकदम ताठ झाला.

"उकळायचं काय कारन न्हाई," ते म्हणाले. "डाग समोर दिसतोय."

मग निवाडा दिला. चाचांनी सगळ्यांदेखत शेतकऱ्याची माफी मागायची. दिवाळीपर्यंत गल्लीतलं सूत त्यांच्याकडे द्यायचं नाही. शेतकऱ्याला आमच्या घरातलं दुसरं लुगडं द्यायचं. ते दुसरं लुगडं माझ्या दिवाळसणासाठी ठेवलेलं होतं, हे मी इथं नोंदवून ठेवते. त्याचाही काठ लालच होता, चाचांच्याच कढईतला. पण हे त्या भरल्या खोलीत कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

चाचांनी एकदा मामंजींकडे पाहिलं. मग शेतकऱ्यापुढं हात जोडून "गलती हुई" म्हणाले आणि निघून गेले. जाताना कोनाड्यातल्या कपबशीकडे त्यांनी पाहिलं की नाही, मला दिसलं नाही.

मामंजी आत आले ते छाती काढून. जेवायला बसले, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. "न्याय म्हंजे न्याय," आत्यांना म्हणाले. "आज माझा दोस्त हाय म्हनून सोडला न्हाई मी." मला त्यांचा खरंच अभिमान वाटला. असा सासरा मिळायला भाग्य लागतं, असं मी त्या दिवशी मनात म्हटलं. आत्या वाढत होत्या. त्यांचं लक्ष कुठं होतं कोण जाणे. मीठ दोनदा वाढलं.

तुम्ही म्हणाल, हळद लावणारी बाई दाराआड उभी होती, लावताना बघणारी सून शेजारी होती, दोघी रोज धुणं धुणाऱ्या. तुम्हांला कसं कळलं नाही? नाही कळलं. लावली होती पिवळी हळद, आणि तक्रार होती लाल डागाची. 'काठाचा रंग फुटला' हे शब्द कानावर पडले आणि आम्ही ते तसेच्या तसे खरे मानले. डाग आम्ही पाहिलाच नव्हता. पुरुषांनी पाहिला, बोचक्यात बांधला आणि बोचकं मागाच्या मागं ढकललं.

दिवस जाऊ लागले. गल्लीतलं सूत लांबच्या दुसऱ्या रंगाऱ्याकडे जायला लागलं. चाचांच्या भट्टीचा धूर सकाळी दिसायचा तो कमी कमी होत बंदच झाला. बाहेरची गिऱ्हाइकंही तुटली, कारण ज्याच्या दोस्तानंच त्याला खोटा ठरवला, त्याच्यावर परका कशाला विश्वास ठेवील? त्यांचा मुलगा गिरणीत लागला. भोंगा झाला की तो आमच्या दारावरून मान खाली घालून जायचा. चाचा ओट्यावर येईनासे झाले. गावात जायचं तर मागच्या बोळानं जात. संध्याकाळी मामंजी एकटेच ओट्यावर चहा घेऊन बसत आणि चहा निवून जाई. "साखर कमी पडली," म्हणून आत्यांवर चिडत. साखर तेवढीच असायची. कोनाड्यातल्या कपबशीवर धूळ बसली. ती कुणी पुसली नाही आणि कुणी हलवलीही नाही. मग एक दिवस शेजारणीनं सांगितलं की चाचा भट्टी मोडून गुलबर्ग्याला भावाकडे जाणार आहेत, कायमचे.

त्याच सुमारास मला दिवस गेले होते. त्या वळसंगच्या लुगड्याचा चांगला भाग काढून बाळासाठी कुंची आणि दुपटं शिवावं, असं आत्यांच्या मनात आलं. दुपारी पुरुष माणसं पाठ टेकून पडली होती. आम्ही दोघींनी बोचकं माजघरात आणून सोडलं.

पदर उलगडला आणि आत्या थांबल्या. डाग काठाला लागून नव्हताच. काठापासून चांगला आत होता. धुण्याच्या खारात, म्हणजे सोड्याच्या पाण्यात, पसरलेला, विटकरी झालेला, पण वरच्या बाजूला चार फाटे नीट दिसत होते आणि बाजूला एक आखूड. आत्यांनी आपला हात हळूच त्यावर ठेवला. बरोबर बसला.

त्या मला म्हणाल्या, "चिंचेचं पानी आन जरा." मी वाटीत चिंच कोळून आणली. त्यांनी बोटानं एक थेंब डागावर सोडला. लाल होतं तिथं आमच्या डोळ्यांदेखत पिवळं झालं. साबणाला, खाराला हळद लाल होते आणि आंबट लागलं की परत पिवळी, हे कुठल्या बाईला ठाऊक नसतं? आई नसलेल्या त्या पोरीला सांगायला घरात कुणी नव्हतं. तिनं घडीसकट लुगडं खारात बुडवलं असणार आणि खार पुरता न काढताच वाळत टाकलं असणार.

आत्या आपल्या तळव्याकडे बघायला लागल्या. "माज्या हातानं," एवढंच म्हणाल्या. पुन्हा पुन्हा तेवढंच. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. 

मामंजी उठल्यावर आत्यांनी लुगडं त्यांच्यापुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. चिंचेच्या पाण्याचा दुसरा थेंब टाकून दाखवला.  मामंजींनी त्या पिवळ्या ठिपक्यावर बोट घासून बघितलं. मला वाटलं, आता उठतील आणि सरळ चाचांकडे जातील. पण ते म्हणाले, "कुनाला बोललीस?"

"सूनबाईला ठावं हाय."

"मंग हितंच ऱ्हाऊ दे. पंचानं शब्द फिरवला तर उद्या कोन ऐकनार हाय आपलं? दिवाळी झाली की मीच सूत धाडतो त्याच्याकडं, गाजावाजा न करता."

"तंवर त्यो गाव सोडून जाईल की."

"आन् तुजं नाव चव्हाट्यावर मांडू व्हय? लोक काय म्हनतील, पंचाच्या बायकूनं लुगडं नासवलं?"

खरं सांगते, मला ते पटलं. घरातल्या बाईची अब्रू सांभाळणारा नवरा, गल्लीचा विश्वास सांभाळणारा पंच. ते मनापासून बोलत होते. त्यांना वाटत होतं, आपण सगळ्यांचंच भलं बघतोय. पहिल्यांदा चुकले तेव्हा त्यांना माहीत नव्हतं, आता माहीत होतं, आणि तरी दोन्ही वेळा आपण बरोबरच आहोत अशी त्यांची खात्री तेवढीच पक्की होती. माणूस वाईट असता तर मला समजायला सोपं गेलं असतं.

आत्यांनी लुगड्याची घडी घातली. "मला झाकाया दुसऱ्याचं तोंड काळं करायचं व्हय?" त्या म्हणाल्या. "मला न्हाई पायजे असली राखन." आणि चुलीकडे गेल्या. त्या दिवसापासून त्या मामंजींशी कामापुरतंच बोलायला लागल्या. हळदीची वाटी फडताळात वर सरकवली. नंतर एक लग्नाचं लुगडं घरातून गेलं ते कोरंच गेलं. मामंजींनी ते पाहिलं, पण विचारायचा धीर झाला नाही त्यांना.

पुढची अमावास्या आली. पुढच्या खोलीत लोक जमायला लागले. मामंजींनी ट्रंक उघडली, उपरणं काढलं, झटकलं आणि तसेच उभे राहिले.

पांढऱ्याशुभ्र उपरण्यावर, डाव्या खांद्यावर येईल त्या जागी, एक पंजा होता. लाल. स्वच्छ, पाचही बोटं उमटलेला.

"ह्ये काय केलंस?" त्यांचा आवाज उपरणं न घालताच कोर्टातल्यासारखा झाला होता.

"हळदीचा हात लावला आन् सोड्यानं धुतलं," आत्या म्हणाल्या. "ह्याला काठ न्हाई, आन् रंगारी बी न्हाई. सांगा, कुनाचा रंग फुटला?"

 बाहेर कुणीतरी हाक मारली. मी चुलीकडे तोंड केलं, कारण त्या दोघांकडे बघायची मला लाज वाटली. मग आत्यांचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीतला. तसा आवाज त्यांनी आमच्यासमोर कधी काढला नव्हता.

"चार मानसांत मला तुमच्या शेजारी हुबं ऱ्हाता येत न्हाई. म्हनून हात ठिवलाय. जावा आता."

त्या काळी नवरा-बायको घरातसुद्धा एकमेकांशी भिंतीकडे बघून बोलायची. बायकोनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, असं मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं.  मामंजींनी उपरणं खांद्यावर टाकलं, पंजा नीट वर येईल असं सारखं केलं आणि लुगड्याचं बोचकं काखेत घेऊन बाहेर गेले.

पुढच्या खोलीत ते बसले नाहीत. जमलेल्या लोकांतून सरळ रस्त्यावर उतरले आणि गल्लीच्या टोकाकडे चालायला लागले. लोक गोंधळून मागोमाग निघाले. आत्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि मला म्हणाल्या, "चल." शेजारच्या तेलुगू बायकाही निघाल्या; काय चाललंय ते त्यांना कळलं नव्हतं, पण चुकवायचं नाही एवढं कळलं होतं.

चाचा भट्टीपाशी होते. मोठी कढई उलटी करून ठेवली होती, बांधायच्या दोऱ्या बाजूला पडल्या होत्या.

"पानी उकळ," मामंजी म्हणाले.

"अब कायको?"

"तू तवा मागितलं हुतंस. मी आज करतोय."

चाचांनी मामंजींच्या खांद्यावरचा पंजा पाहिला. काही न विचारता लाकडं सारली.  मामंजींनी लुगड्याच्या काठातून धागा ओढून पाण्यात टाकला. धागा वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. पाणी होतं तसंच राहिलं, स्वच्छ. मग त्यांनी पदर उलगडून डाग दाखवला, खांद्यावरचा पंजा दाखवला आणि सगळं सांगितलं. हळदीचं, खाराचं, चिंचेचं. महिनाभर माहीत असून गप्प बसल्याचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. कुणाला कळलं नसतं.

"म्हंजे पंचाच्या कारभारनीची चूक म्हना की," मागनं कुणीतरी बोललं.

मामंजी वळले. "तिनं आई नसल्याल्या पोरीच्या पाठीवर हात ठिवला. ती चूक न्हवं. मी इचारलं न्हाई, ती चूक." मग चाचांपुढं हात जोडून, चाचांनी निवाड्याच्या दिवशी म्हटले होते तेच शब्द म्हणाले, "गलती हुई."

मला वाटलं, आता चाचा त्यांना मिठी मारतील. पण चाचा भट्टीतली लाकडं मागं ओढत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "दुश्मन असतो ना मी, तर तू दोन सवाल जास्त विचारले असतेस. दोस्त था, इसलिए एक बी नै पूछा."

मामंजी रस्त्यावरच खाली बसले आणि रडले. गल्लीनं आपला पंच रडताना पाहिला. त्यानंतर त्यांचं कुणी ऐकणार नाही अशी त्यांना जी भीती होती, तसं काही झालं नाही. लोक पुढच्या अमावास्येलाही आले, आणि भांडायचे तेवढेच भांडले.

चाचा गुलबर्ग्याला गेले नाहीत. सूत परत त्यांच्याकडे जाऊ लागलं, धूर दिसू लागला. पण ओट्यावर ते लगेच आले नाहीत. दिवाळी गेली. मामंजी रोज संध्याकाळी चहा घेऊन बसत, वाट बघत, आणि आता साखरेबद्दल तक्रार करत नसत. संक्रांतीच्या आसपास एका संध्याकाळी चाचा आले आणि काहीच न झाल्यासारखे बसले. सवयीनं कोनाड्याकडे हात नेला. कोनाडा रिकामा होता. आत्यांनी आतून घरातल्या कपांतला कप भरून पाठवला. चहा झाल्यावर चाचा कप विसळायला उठले, तर आत्या दारातून म्हणाल्या, "ठिवा तितंच. घरचे कप मी धुते." चाचांनी कप ठेवला. त्यांना तो खाली ठेवायला जरा वेळ लागला. माझा मुलगा तेव्हा पाळण्यात होता, त्यामुळे हे मला पक्कं आठवतं.

वळसंगची ती मुलगी पुढं माहेरपणाला आली तेव्हा बापाबरोबर आमच्याकडे आली. तिला सगळं कळलं होतं. "मला ते पंज्याचं लुगडं द्या," म्हणाली. आत्यांनी दिलं. माझं दिवाळसणाचं लुगडं मात्र तिनं परत केलं नाही. मीही मागितलं नाही. पण विसरलेही नाही.

उपरण्याचा पंजा आत्यांना घालवायचा होता. उन्हात चार दिवस टाकलं की हळद उडून जाते. मामंजींनी टाकू दिलं नाही. तेच उपरणं घेऊन ते दर अमावास्येला बसत. नवीन माणूस कुजबुजायचा, "पंचाच्या उपरन्याला डाग हाय." आणि कुठलंही गाऱ्हाणं आलं की त्यांचं ठरलेलं असे, "घरातल्या बायकांस्नी इचारलंत?" पुरुष वैतागायचे. कारण मग दाराआडच्या आम्ही बोलायला लागायचो, आणि एकदा लागलो की जेवायची वेळ टळून जायची. साबणाचं पाणी लागलं की पंजा लाल व्हायचा, विसळलं की पिवळट. मी ते धुवायची आणि माजघरातल्या दोरीवर टाकायची.

काही वर्षांनी आत्या तापानं गेल्या. आठवड्याभराचा ताप, आणि संपलं. मला आईसारखं कुणी त्या घरात होतं ते गेलं. मामंजींनी अमावास्येला बसायचं सोडलं नाही, पण ट्रंक उघडून उपरणं हातात घेतलं की बाहेर यायला त्यांना उशीर व्हायचा.

सावलीत ठेवलं तरी हळद ती हळदच. एके दिवशी मी उपरणं साबणात घातलं तर पंजा नीट वर आलाच नाही. तळव्याची कड आणि दोन बोटं तेवढी अंधुक दिसली. संध्याकाळी चाचा ओट्यावर होते. मामंजींनी त्यांना ते दाखवलं.

चाचांनी उपरणं दिव्याजवळ धरलं. लाल हातांनी त्या पुसट बोटांवरून अलगद बोट फिरवलं. "दे माझ्याकडे," ते म्हणाले. "भाभीचा हात आहे. याच मापानं पक्क्या रंगात भरून देतो. उन्हात टाक, उकळ, कुछ बी कर. आपल्या दोघांच्या मागं राहील."

मी दारात उभी होते. मला वाटलं, मामंजी हो म्हणतील.

"नगं," ते म्हणाले. "पक्का झाला तर मी त्याला उन्हात टाकीन. ध्यानात ठिवायचं काय कामच ऱ्हायचं न्हाई."

चाचांनी मान हलवली आणि उपरण्याची घडी घालून परत दिली. ते अजून दमट होतं. मामंजी उठले, आत गेले आणि त्यांनी स्वतःच ते माजघरातल्या दोरीवर, अंधारात, वाळत टाकलं.